ट्रकच्या दारातला अर्धा स्पीकर

केंद्र सरकारच्या नियमामुळे २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली. चालकाला होणारा उन्हाचा त्रास आणि ट्रकची वाढणारी किंमत यांवर त्या निमित्ताने बरीच चर्चा झाली. मात्र काचा बंद ठेवून दिवसभर चालवता येणारी केबिन गाणे ऐकण्यासाठीही पूर्वीपेक्षा फार चांगली जागा आहे, ही गोष्ट त्या चर्चेत आली नाही. अशा केबिनमध्ये कंपनीने दिलेले स्पीकर बदलून घ्यावेत, असे अनेक चालकांना वाटते. ते दुकानात जातात, खोक्यावर सर्वांत मोठा वॅटचा आकडा असलेली जोडी निवडतात आणि जुन्या स्पीकरच्या जागी ती बसवून घेतात. दुकानातल्या फळीवर घुमणारा तोच स्पीकर ट्रकच्या दारात गेल्यावर खर्ज गमावून बसतो, तेव्हा ‘माल नकली निघाला’ असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा माल चांगलाच असतो. दोष दारात असतो.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तीच रचना आजही बहुतेक स्पीकरमध्ये असते. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे असते, त्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की ते पुढेमागे हलते आणि त्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू हवेला ढकलतो. इथवरचा भाग शाळेच्या पुस्तकात असतो. शंकूला मागची बाजूही असते, ही गोष्ट मात्र तिथे सहसा सांगितलेली नसते, आणि दारातल्या स्पीकरचे सगळे गणित तिच्यावर उभे आहे.

शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन आवाज निर्माण करतो, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट असतात. हे दोन आवाज एकत्र आले तर एकमेकांना खोडून काढतात. हौदातल्या पाण्यात तळहात सावकाश मागेपुढे केला, तर पाणी बोटांच्या कडेने वळून मागच्या बाजूला जाते आणि दूरवर लाट पोहोचत नाही; खर्जाच्या बाबतीत हवेचेही तसेच होते. सुमारे सहा इंची स्पीकरच्या पुढच्या बाजूपासून कडेने मागे जाण्याचा मार्ग पंधरा-एक सेंटिमीटरचा असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर भरते. इतक्या लांब तरंगाच्या दृष्टीने पंधरा सेंटिमीटर हे अंतर नगण्य असल्यामुळे मागचा आवाज पुढच्या आवाजाला जवळजवळ त्याच क्षणी, उलट्या दाबाने येऊन मिळतो. सोप्या हिशोबाने पाहिले, तर मोकळ्या हवेत धरलेल्या अशा स्पीकरचा १०० हर्ट्झचा दाब सुमारे चौथ्या हिश्शावर येतो. आवाजाची पातळी मोजण्याच्या डेसिबल या एककात हे नुकसान सुमारे ११ डेसिबलचे आहे आणि ते केवळ शक्ती वाढवून भरून काढायचे, तर जवळपास तेरापट वॅट लागतील. स्वर ५० हर्ट्झपर्यंत खाली गेला की हीच गरज पन्नासपटीच्या आसपास पोहोचते. उलट ३००० हर्ट्झच्या आसपास तरंगलांबी अकरा-बारा सेंटिमीटरच असते, तिथे अशी सलग खोडाखोड होत नाही. म्हणून गाण्यातली झांज नीट ऐकू येते आणि ढोलकीचा धुमा हरवतो.

आता ट्रकचे दार उघडून पाहावे. बाहेरचा पत्रा अखंड असतो, पण आतल्या पत्र्याला काच वरखाली करणारी यंत्रणा आणि कुलूप बसवण्यासाठी मोठी भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर फार तर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. स्पीकर याच आतल्या पत्र्यावर बसतो. त्याच्या मागचा आवाज दाराच्या पोकळीत जातो आणि वीत-दीड वीत अंतरावरच्या भोकातून परत केबिनमध्ये येतो. हा मार्ग तीस सेंटिमीटरचा धरला, तरी ६० हर्ट्झला दाब तिसऱ्या हिश्शावर उतरतो, म्हणजे नऊपट वॅटचे नुकसान होते. दाराचे आतले आवरण थोडा अडसर करत असल्याने प्रत्यक्षातला तोटा यापेक्षा काहीसा कमी असेल, पण त्याची दिशा हीच राहते.

म्हणून स्पीकर विकत घेण्याआधी भोके बुजवावीत, हे मी आग्रहाने सांगतो. ॲल्युमिनिअमचा पातळ थर असलेली ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी चिकट पट्टी, यासाठी मिळते. मोठ्या भोकांवर आधी पातळ ॲल्युमिनिअमचा पत्रा बसवून त्यावर ती लावावी, आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतील बाजूसही तिचे काही तुकडे चिकटवावेत, म्हणजे पत्रा स्वतः थरथरून वेगळाच आवाज काढत नाही. दाराच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी असलेली छिद्रे मात्र कधीही बंद करू नयेत. पावसाचे पाणी काचेच्या कडेने आत उतरतच असते आणि ते साचले तर दार गंजते. स्पीकरची कडा आणि दाराचे आवरण यांच्यामध्ये फोमची कडी बसवावी, नाहीतर पुढचा आवाजही आवरणाच्या मागे शिरतो. नव्या स्पीकरचे चुंबक मोठे असते, त्यामुळे काच पूर्ण खाली घेऊन ते तिला टेकत नाही, हे आधी मोजून पाहावे.

दाराची भोके बुजली की मागची हवा शंकूसाठी स्प्रिंगसारखी वागू लागते. ही पोकळी आणि शंकूची स्वतःची लवचिकता यांचा मेळ कसा बसवावा, याचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस मांडले. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे दिलेले असतात, आणि ते खोक्यावरच्या वॅटपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

बंद काचांचा फायदाही इथेच कळतो. तरंगाची निम्मी लांबी केबिनच्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा जास्त झाली की हवा लाटेसारखी न वागता एकसंध दाबली-सोडली जाते आणि खर्जाला बळ मिळते. दोन मीटरच्या केबिनमध्ये ही मर्यादा साधारण ८५ हर्ट्झला येते. काच उघडली की हा दाब निसटतो. शिवाय सहा सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ७५ ज्वलने होतात. म्हणजे इंजिनाचा मूळ स्वर नेमका खर्जाच्या पट्ट्यात बसतो आणि गाण्यातला तोच भाग झाकतो.

वॅटच्या जाहिरातींबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. १२ व्होल्टच्या साध्या स्टिरिओवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते. चालू इंजिनावर मिळणाऱ्या १४.४ व्होल्टचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ४ ओहम रोधाने भागले की सुमारे ५२ येतात. हा आकडा वरखाली सपाट कापलेल्या, पूर्णपणे विकृत तरंगाचा आहे. शुद्ध स्वराची सैद्धांतिक कमाल त्याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅट असते आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळते. अशा स्टिरिओवर ‘५०० वॅट’ लिहिलेला स्पीकर लावून आवाज वाढत नाही. त्याऐवजी एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा पाहावा, कारण तो तीन डेसिबलने जास्त असेल तर निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज मिळतो. वेगळा ॲम्प्लिफायर बसवायचा असेल, तर अवजड ट्रकची २४ व्होल्टची वीज कन्व्हर्टरमधून १२ व्होल्टवर आणावी. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढण्याची पद्धत घातक आहे. त्याने एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि अखेर दोन्ही खराब होतात.

महागड्या ‘ऑक्सिजनमुक्त’ तारांवरची श्रद्धाही याच जातीची आहे. साध्या दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पाच मीटर दुपदरी तारेचा एकूण रोध ०.१२ ओहमच्या आत असतो, आणि चार ओहमच्या स्पीकरवर त्याने पाव डेसिबल फरक पडतो, जो कानाला जाणवत नाही.

तारेच्या किमतीपेक्षा तिची दिशा महत्त्वाची असते. एका दारातल्या स्पीकरची दोन टोके उलटी जोडली गेली, तर डावा शंकू पुढे येताना उजवा मागे जातो आणि दाराची भोके कितीही उत्तम बुजवलेली असली तरी दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात. हे तपासण्यासाठी स्टिरिओपासून तार सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. दोन्ही दारांच्या तारांना सेलचे धन टोक सारख्याच रंगाच्या बाजूला लावल्यावर दोन्ही शंकू बाहेर सरकले पाहिजेत. एखादा आत गेला, तर त्या स्पीकरची जोडणी उलटी आहे आणि ती बदलून घ्यावी.