पक्षाघातोत्तर प्रेरक पुनर्रचना

मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडून किंवा फुटून हालचालींचे नियंत्रण करणारे क्षेत्र अथवा तेथून निघणारे तंतू नष्ट झाले की शरीराची विरुद्ध बाजू दुबळी किंवा लुळी पडते. नष्ट झालेल्या चेतापेशींची जागा नव्या पेशी भरून काढत नाहीत; तरीही बहुतेक रुग्णांत काही हालचाल परत येते. उरलेल्या चेतापेशींच्या जोडण्या, त्यांची उत्तेजनक्षमता आणि त्यांच्यातील कामाची वाटणी यांत होणाऱ्या बदलांना प्रेरक (हालचालींशी संबंधित) पुनर्रचना म्हणतात.

सुरुवातीची सगळी सुधारणा या सदरात मोडत नाही. सूज उतरते, रक्ताअभावी निष्क्रिय झालेल्या कडा पुन्हा काम करू लागतात. शिवाय इजेपासून दूरच्या, पण तिच्याशी जोडलेल्या भागांचे तात्पुरते मंदावलेले कार्य सावरते. या दूरस्थ मंदत्वाला चेतातज्ज्ञ मोनाकोव यांनी १९१४ मध्ये ‘डायास्कायसिस’ हे नाव दिले. नॉर्वेचे शरीररचनाशास्त्रज्ञ आल्फ ब्रोडाल यांनी स्वतःच्या पक्षाघाताविषयी १९७३ मध्ये लिहिले. त्यांची डावी बाजू दुबळी झाली होती, पण उजव्या हाताचे अक्षरही बदलले होते. ‘चांगली’ बाजू पूर्णतः चांगली नसते, हे या नोंदीइतके नेमके क्वचितच कोणी दाखवले असेल.

नष्ट क्षेत्राचे काम शेजारचा भाग उचलतो का, हा जुना वाद आहे. लेटन व शेरिंग्टन यांनी १९१७ मध्ये मानवसदृश कपींच्या बाह्यकातील (मेंदूच्या बाहेरील थरातील) हाताचे क्षेत्र काढून टाकले. हालचाल बरीचशी परतल्यावर त्यांनी इतर भागांनाही इजा केली, परंतु पहिला लुळेपणा परतला नाही. त्यामुळे शेजारच्या भागाने काम घेतल्याचा पुरावा त्यांना दिसला नाही. उलट ग्लीस व कोल यांना १९५० मध्ये माकडांत अंगठ्याच्या क्षेत्राभोवती अंगठ्याची हालचाल उत्पन्न करता आली, आणि तो नवा भाग काढताच दोष परतला. रँडॉल्फ नुडो व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये खारमाकडांत सूक्ष्म विद्युत्‌-उद्दीपनाने बाह्यकाचा कोणता भाग कोणती हालचाल घडवतो याचे नकाशे काढले. इजेनंतर हाताचा सराव न मिळालेल्या प्राण्यांत इजेबाहेरचे हाताचे क्षेत्रही आकसले. सराव दिलेल्यांत ते टिकले, काहींत कोपर-खांद्याच्या क्षेत्रात पसरले. हे निष्कर्ष परस्परविरोधी मानण्यापेक्षा इजेचा आकार व मापनपद्धती यांतील फरकाचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. इजा मोठी असल्यास शेजारऐवजी पुढच्या, हालचालींची आखणी करणाऱ्या पूर्वप्रेरक क्षेत्रात बदल आढळतात.

मेंदूच्या निरोगी अर्धगोलाची भूमिकाही अशीच वादग्रस्त आहे. १९९० नंतर घेतलेल्या मेंदूच्या चित्रणांत दुबळा हात हलवताना दोन्ही अर्धगोल सक्रिय दिसले, आणि निरोगी बाजू मदतीला येते असा अर्थ लावला गेला. पुढील अभ्यासांत मात्र चांगल्या सुधारलेल्या रुग्णांत ही अतिरिक्त सक्रियता ओसरून चित्र सामान्य मेंदूसारखे होत गेले. सुधारणा अपुरी राहिलेल्यांत ती टिकली. निरोगी अर्धगोल दुसऱ्याला दाबून टाकतो, हे मतही आता पूर्वीइतके निर्विवाद राहिलेले नाही.

पुनर्रचनेची मर्यादा बहुधा तंतूंवर ठरते. बाह्यकातून मेरुरज्जूकडे जाणारे बहुसंख्य तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत बाजू बदलतात. बोटांची सुटी, नाजूक हालचाल मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असते. ते तुटल्यास मस्तिष्कस्तंभातील जालिकेपासून (चेतापेशींच्या जाळ्यापासून) निघणारे मार्ग काही भार घेतात. त्यांमुळे पकड व ताकद येते, पण हालचाली एकमेकींत अडकतात: हात उचलू गेल्यास कोपर व बोटे आपोआप वळतात. म्हणून कवटीबाहेरून चुंबकीय उद्दीपन दिल्यावर हाताच्या स्नायूत प्रतिसाद मिळणे, म्हणजेच बाह्यकाकडून येणारे तंतू काही प्रमाणात शाबूत असणे, हे शुभचिन्ह समजतात.

सुधारणेचा वेग पहिल्या सुमारे तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पण ‘जितके लवकर तितके चांगले’ हे सरसकट खरे नाही: २०१५ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांत सुरू केलेल्या सघन हालचालीमुळे अनुकूल परिणामाची शक्यता उलट घटली. निरोगी हात बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याच्या पद्धतीला २००६ च्या चाचणीने आधार दिला. तिच्यासाठी मनगट व बोटे थोडीतरी उलगडता यावी लागतात. फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरील औषधाने २०११ मध्ये आशा निर्माण केली होती. २०१९ च्या मोठ्या चाचणीत कार्यक्षमतेत फरक पडला नाही, अस्थिभंग मात्र वाढले.