आठव्या हेन्रीने घटस्फोट घेतलाच नव्हता

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यावरचा कुठलाही चित्रपट बघून आलं की गप्पांत हे वाक्य हमखास येतं: ‘अ‍ॅन बोलीनशी लग्न करण्यासाठी त्याने पहिल्या राणीला, कॅथरीनला घटस्फोट दिला.’ दिला नाही. त्याने लग्न रद्द ठरवून घेतलं. त्या काळच्या इंग्रजीत दोन्हींना सर्रास एकच शब्द वापरत, तिथूनच हा घोळ चालत आला आहे.

घटस्फोट सगळ्यांना ठाऊक आहे: लग्न झालं होतं, ते मोडलं. रद्द ठरणं म्हणजे ते लग्न कधी झालंच नव्हतं.

हा फरक कळला नाही तर चित्रपटातला सगळ्यात मोठा प्रसंगच हातून निसटतो. १५२९, लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्सचं न्यायालय, हे लग्न वैध होतं का याचा खटला. कॅथरीन भर दरबारात नवऱ्यासमोर गुडघे टेकते आणि सांगते की, तुमच्याकडे आले तेव्हा मी कुमारिका होते. खरं-खोटं तुमच्या मनाला विचारा. बघणाऱ्याला वाटतं, बाई दयेची भीक मागते आहे. अजिबात नाही, तो तिचा युक्तिवाद आहे! ती हेन्रीच्या थोरल्या भावाची, आर्थरची विधवा. भावजयीशी लग्न धर्मबाह्य होतं, पोपने दिलेली परवानगीच चुकीची होती, हा हेन्रीचा दावा. आर्थरशी शरीरसंबंध आलाच नाही, म्हणजे ते लग्न पूर्णच झालं नव्हतं, हे तिचं उत्तर. घटस्फोटाच्या खटल्यात हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

२३ मे १५३३ला आर्चबिशप क्रॅनमरने निकाल दिला. चोवीस वर्षं राणी असलेली बाई कागदोपत्री पुन्हा आर्थरची विधवा झाली, आणि मुलगी मेरी अनौरस. घटस्फोट असता तर मेरी औरसच राहिली असती. त्या घराची पुढची सगळी कटुता इथून सुरू होते.

अ‍ॅनचं तर त्याहून भयंकर. १७ मे १५३६ला तिचंही लग्न रद्द, १९ मेला शिरच्छेद, आणि आरोपांत व्यभिचार. लग्नच नव्हतं तर व्यभिचार कसला?

हेन्रीच्या चौथ्या राणीचं, क्लीव्ह्जच्या अ‍ॅनचं लग्नही सहा महिन्यांत असंच रद्द झालं. तिने मुकाट्याने मान्य केलं आणि ती सुखात राहिली.

मेरी १५५३मध्ये राणी झाली आणि तिच्या पहिल्याच संसदेने कायदा केला की तिच्या आईवडिलांचं लग्न वैध होतं. कॅथरीनला जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती.