जिना भिंतीत शिरतो तिथे पाहा

जुन्या इमारतीच्या बाहेरच्या अंगाला लावलेला आगीतून सुटकेचा लोखंडी जिना लांबून धडधाकट दिसतो. त्यावर नुकताच रंगाचा हात फिरलेला असला तर विचारायलाच नको. पण पायऱ्या आणि कठडे कितीही जाडजूड असले, तरी त्यांना इमारतीला धरून ठेवतात ते भिंतीत रुतलेले मूठभर बोल्ट. ते दिसत नाहीत, म्हणून मला त्यांचीच काळजी वाटते.

उघड्यावरची पायरी ऊन पडले की वाळते. विटेतला बोल्ट मात्र मुरलेल्या पाण्यात कित्येक दिवस ओलाच राहतो. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाल्यावर लोखंड गंजणारच. हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. भिंतीत पसरायला वाव नसतो, मग तो पाचरीसारखा दाब देऊन वीट फोडतो आणि त्या तड्यातून आणखी पाणी आत जाते. कडाक्याच्या थंडीत तेच पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, म्हणजे तडा आणखी रुंदावतो.

22 जुलै 1975 रोजी बॉस्टनमध्ये एका इमारतीला आग लागली. अग्निशामक दलाची शिडी हाताशी येत असतानाच बाहेरचा जिना निखळला. एक तरुणी आणि एक लहान मुलगी खाली कोसळल्या. मुलगी वाचली, तरुणी गेली. ज्या राज्यात हे घडले त्या मॅसॅच्युसेट्समध्ये आता अशा जिन्यांची दर 5 वर्षांनी तपासणी करावी लागते.

जिन्याला तोलणारे लोखंडी ब्रॅकेट भिंतीला टेकते तिथे जवळ जाऊन पाहा. तांबूस ओघळ, फुगून आलेला रंग, विटेत केसाएवढी चीर, यातले काहीही दिसले तर इंजिनिअरला बोलवा. हातोडीने हलकेच ठोकले तर निकोप लोखंड खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. पण वरवर ठीक वाटले तरी भिंतीतल्या बोल्टांची खात्री भार देऊन केलेल्या चाचणीनेच होते, आणि ते काम जाणकाराचेच.

गंजावर नुसता रंग मारणे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्याने धोक्याच्या खुणाच झाकल्या जातात. आधी गंज खरवडून स्वच्छ लोखंड उघडे करायचे, मग जस्त असलेला प्रायमर. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. त्यावर रंग, आणि भिंतीची फट पक्की बुजवायची.

तळाशी सरकती शिडी असेल तर तीही अधूनमधून खाली ओढून पाहायला हवी. रंगाने चिकटलेली शिडी धुरात, अंधारात कोणाला सुटणार?