डिझेल अडलंय कुठे?

सकाळी सेल्फ मारला की व्हॅनचं इंजिन नुसतं फिरत राहायचं. दहा-बारा सेकंद झाले की एकदाचं धडधडून लागायचं आणि मग दिवसभर काही तक्रार नसायची. दुपारी बंद करून पाच मिनिटांनी चावी फिरवली तर लगेच चालू. रात्रभर उभी राहिली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. बॅटरी पाहून झाली, ग्लो प्लग (थंड इंजिन लागावं म्हणून सिलिंडरमधली हवा तापवणारे छोटे हीटर) तपासून झाले. स्कॅनर लावला तर त्याने 'रेलमधला दाब कमी' असा कोड दाखवला, आणि बघणाऱ्या तिघांनीही मान डोलावून एकच निदान सांगितलं: पंप गेला.

पंप गेला नव्हता. पण ते कळायला डिझेलच्या मागोमाग टाकीपासून नोझलपर्यंत जावं लागलं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून मूळ आकारमानाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्यावर आणली की ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा आला की तो आपोआप पेटतो. त्यामुळे गाडी चालू होत नसेल तर आधी एवढंच विचारायचं, की फवारा आत येतोय का? याचं अर्धं उत्तर सायलेन्सरच देतो. सेल्फ मारताना मागून पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, फक्त पेटत नाहीये. मग कॉम्प्रेशन, ग्लो प्लग, टायमिंग यांच्याकडे बघायचं. धुराचा मागमूसच नसेल तर डिझेल वाटेत कुठेतरी अडलंय. (त्याच वेळी आरपीएमच्या काट्याकडेही लक्ष ठेवावं. इंजिन फिरत असूनही काटा जागचा हलत नसेल तर क्रँक सेन्सर मुका झालेला असू शकतो. इंजिन फिरतंय हेच ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळलं नाही तर ते फवाऱ्याचा हुकूम देत नाही, आणि आपण विनाकारण डिझेलची लाईन खोलत बसतो.)

माझ्या व्हॅनचा सायलेन्सर पहिले आठ-दहा सेकंद कोरडा होता.

डिझेलच्या वाटेचे दोन भाग पडतात. टाकी, टाकीतली जाळी, पाइप आणि फिल्टर हा झाला कमी दाबाचा भाग. मग हाय प्रेशर पंप, आणि त्याच्यापुढे रेल नावाची जाड भिंतीची नळी व नोझल, म्हणजेच इंजेक्टर. आधीच्या भागात दाब जेमतेम काही बार असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब), काही गाड्यांत तर तिथे दाब नसून ओढच असते. पुढच्या भागात मात्र इंजिन आयडलला असताना साधारण 250 ते 350 बार आणि पूर्ण ताकद लावताना आजच्या बऱ्याच इंजिनांत 2000 बारपर्यंत दाब चढतो. 2000 बार म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दोन टन वजन. सगळ्या नोझलना एकाच रेलमधून डिझेल देणारी ही कॉमन रेल पद्धत तशी फार जुनी नाही. डेन्सो या जपानी कंपनीने ती 1995 मध्ये ट्रकवर आणली, आणि 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या कारमध्ये बॉश या जर्मन कंपनीची यंत्रणा 1350 बारवर चालू लागली.

बिघाड शोधताना सगळ्यांची नजर या दुसऱ्या भागाकडे जाते, कारण तिथले भाग महाग आणि तिथले आकडे स्कॅनरवर दिसतात. माझ्या मते सुरुवात नेमकी उलट्या टोकाने करावी. पंपाला जे मिळत नाही ते तो पुढे कुठून ढकलणार?

बऱ्याच व्हॅनमध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. हाय प्रेशर पंपाच्याच पोटातला छोटा फीड पंप डिझेल ओढून घेतो. अशा गाडीच्या लाईनमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, आणि त्यामुळे इथली गळती दिसत नाही. सांध्यातून डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. पाइप वरून कोरडा ठणठणीत, जमिनीवर डाग नाही, आणि तरीही लाईन फुटलेली. मेकॅनिक म्हणतात 'गाडीने एअर धरली', ते हेच. टाकीत पंप असेल तर मात्र लाईनमध्ये दाब असतो आणि तीच फट डिझेल बाहेर टाकते, म्हणून अशा गाडीचा दोष नाकालाच आधी कळतो.

हवेचा एवढा बाऊ का, तर ती दबते. डिझेलवर शेकडो बार दाब दिला तरी त्याचं आकारमान काही टक्क्यांनीच घटतं. पंपाचा दट्ट्या पुढे सरकला की डिझेलला पळायला जागा उरत नाही, दाब क्षणात चढतो आणि रेलकडची झडप उघडते. दट्ट्यापुढे हवेचा बुडबुडा असेल तर तो स्प्रिंगसारखा आक्रसतो आणि दट्ट्या मागे आला की पुन्हा फुगतो. दट्ट्या इमानेइतबारे पुढेमागे करतोय, पण झडप उघडण्याइतका दाब काही होत नाही. गंमत म्हणजे रुडॉल्फ डिझेलने 1897 साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यात इंधन सिलिंडरमध्ये ढकलायला दाबलेली हवाच वापरली होती, आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर जोडला होता. त्या इंजिनाचं हवेवाचून चालत नव्हतं, आजच्या इंजिनाच्या डिझेल लाईनला तिचा एक बुडबुडाही सोसत नाही.

रात्री काय घडत होतं तेही यातूनच कळतं. पेल्यातल्या स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने बंद ठेवलं तर आतलं पाणी अडून राहतं, आणि बोट उचललं की खाली पडतं. माझ्या व्हॅनच्या लाईनवरचं बोट कुठेतरी सैल झालं होतं. रात्रभरात हवा आत शिरायची आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परतायचं. सकाळचे ते दहा-बारा सेकंद फीड पंप रिकामी नळी पुन्हा भरण्यात घालवायचा.

हे पडताळून बघायला फारशी सामग्री लागत नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवायची आणि सेल्फ मारून बघत राहायचं. मी टॉर्च धरून वाकलो होतो. आधी नळीत नुसताच फेस दिसला, मग पिवळसर डिझेलचा तुकडा, मागे लांबट बुडबुडा, पुन्हा डिझेल. इंजिन लागल्यावर बुडबुडे बारीक होत गेले, पण थांबले नाहीत. मग दुसरी चाचणी केली. टाकीकडून येणारा पाइप फिल्टरवरून काढला आणि त्या जागी स्वच्छ डिझेलच्या डब्यात सोडलेली नळी जोडली. टाकी आणि गाडीखालचा सगळा पाइप यामुळे वाटेतून बाहेर पडला. बुडबुडे तसेच! म्हणजे हवा फिल्टरपाशीच शिरत होती. असे भाग एकेक करून बाजूला काढत गेलं की संशयितांची यादी आपोआप छोटी होते.

लक्षणं वेगळी असतील तर याच भागात इतर दोषही सापडतात. वीसेक मिनिटं चांगली चालून गाडी दम टाकते, बाजूला घेऊन थांबवली की थोड्या वेळाने बिनतक्रार चालते, असं होत असेल तर टाकीतली जाळी पाहावी. तळाशी पडलेला कचरा ओढीने जाळीला चिकटतो आणि इंजिन थांबलं की सुटून पडतो. असंच लक्षण टाकीची हवा घ्यायची वाट बुजली तरी दिसतं. तेव्हा झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो. चढावर किंवा जोर लावतानाच पिकअप मरत असेल तर फिल्टर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. फार थंडीत डिझेलमधल्या मेणाचे स्फटिक बनतात आणि नवा फिल्टरसुद्धा तुंबतो.

जुना फिल्टर टाकून देण्याआधी कापून बघावा, असं मी आग्रहाने सांगेन. त्याच्या कागदी घड्यांत टाकीचा सगळा इतिहास असतो. तांबूस पूड म्हणजे गंज. काळा बुळबुळीत थर असेल तर टाकीत वस्ती झाली आहे. डिझेलपेक्षा पाणी जड, ते तळाशी साठतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी तर डिझेलमधल्या हायड्रोकार्बनवरच जगते. अशा वेळी फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

आणि चंदेरी चकाकी दिसली तर पुढचं काम थांबवावं. हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून वेगळं ऑइल बहुधा मिळत नाही, त्याला डिझेलच वंगण पुरवतं. डिझेलमध्ये पाणी आलं किंवा चुकून पेट्रोल भरलं गेलं की ते वंगण जातं आणि पंपाचे पोलादी भाग एकमेकांना खरवडू लागतात. तो कीस रेलमध्ये जातो, नोझलमध्ये जातो, रिटर्न लाईनमधून फिल्टरपर्यंत आणि टाकीत परत येतो. मग एकटा पंप बदलणं म्हणजे नव्या पंपालाही तोच कीस पाजणं. पंप, रेल, नोझल, पाइप हे सगळं बदलावं आणि टाकी साफ करावी लागते. कितीही जिवावर आलं तरी इथे काटकसर करून चालत नाही.

कमी दाबाची बाजू निर्दोष निघाली तरच रेलकडे वळायचं. 'रेलमधला दाब कमी' हा कोड वाचून पंप बदलणारे पुष्कळ आहेत. पण रेल म्हणजे एक खातं समजा. पंप भरणा करतो; नोझल, त्यांची रिटर्न लाईन आणि रेलवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह खर्च करतात. शिल्लक कमी आहे एवढंच कोड सांगतो. भरणा घटला की खर्च वाढला, हे त्याला माहीत नसतं.

खर्च कसा वाढतो ते समजायला नोझलच्या पोटात डोकवावं लागेल. 2000 बारच्या दाबाने घट्ट बसलेली सुई थेट उचलण्याइतकी ताकद त्यातल्या चिमुकल्या सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकात, नसते. त्यामुळे तो एक छोटी झडप उघडतो, सुईच्या डोक्यावरचं थोडं डिझेल रिटर्न लाईनमध्ये सुटतं, डोक्यावरचा दाब उतरतो आणि खालच्या दाबाने सुई स्वतःच वर उचलली जाते. म्हणजे थोडंसं डिझेल परत जाणं हा नोझलचा दोष नसून कामाचाच भाग आहे. झडपेची बैठक झिजली की ते 'थोडंसं' वाढत जातं. सेल्फने इंजिन सावकाश फिरतं, पंपाचा भरणा आधीच कमी, आणि एकच गळका नोझल तो सगळा खाऊन टाकतो. दाब साधारण 200 बारच्या आसपास पोचेपर्यंत बहुतेक ईसीयू फवाऱ्याला परवानगीच देत नाहीत.

ओळखीच्या एकाची व्हॅन थंड असताना झटकन लागायची, पण लांबचा प्रवास करून बंद केली की पुन्हा चालू व्हायला तयार नसायची. माझ्या तक्रारीच्या हे बरोबर उलटं. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. थंड झालं की तीच फट त्याला थोडी अडवते. जुन्या पंपांच्या काळात मेकॅनिक तापलेल्या पंपावर ओलं फडकं टाकून गाडी चालू करायचे, त्यामागचं विज्ञान हेच. आम्ही त्या व्हॅनच्या चारही नोझलच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन आयडलला ठेवलं. थोड्या वेळात तीन बाटल्यांत बोटभर डिझेल जमलं. तिसऱ्या सिलिंडरची बाटली अर्ध्याच्या वर गेली. पंप अगदी ठणठणीत होता.

चारही बाटल्या सारख्याच आणि कमी भरल्या असत्या, सुरक्षा व्हॉल्व्हही गळत नसता, तर पंपावर आणि त्याला डिझेल मोजून देणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हवर संशय घ्यायला जागा होती. त्याआधी सेन्सरही तपासावा. रात्रभर बंद असलेल्या गाडीत नुसती चावी फिरवली तर रेलचा दाब जवळजवळ शून्य दिसायला हवा. तिथेच शंभर-दीडशे बार दिसले तर खोटं कोण बोलतंय ते उघड आहे.

एक गोष्ट मात्र दरडावूनच सांगतो. इंजिन चालू असताना जाड पाइपचे नट सैल करायचे नाहीत. जुन्या इंजिनांवर तसं करून एअर काढत असत, कॉमन रेलवर ते जिवावर बेतू शकतं. गळती हाताने चाचपायची नाही, लांब धरलेल्या पुठ्ठ्याने शोधायची. शेकडो बारची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घुसवते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, फारसं दुखतही नाही, पण आतला भाग मरू लागतो. त्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया लागते, म्हणून 'बघू उद्या' न म्हणता थेट हॉस्पिटल गाठायचं.

दुरुस्तीत पान्यापेक्षा स्वच्छतेचं काम जास्त. नोझलमधल्या सरकत्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड. फडक्याचा सुटलेला धागा तिथे ओंडक्यासारखा अडकतो. त्यामुळे खोलण्याआधी सांधे धुवायचे आणि उघडं तोंड लगेच टोपीने बंद करायचं. नोझलखालचा तांब्याचा वायसर प्रत्येक वेळी नवा घालायचा, नाहीतर जळलेले वायू तिथून फुसफुसत बाहेर येतात आणि भोवती डांबरासारखा थर जमतो. बऱ्याच गाड्यांत नव्या नोझलवर कोरलेली अक्षरांची आणि आकड्यांची ओळ ईसीयूला कळवावी लागते. प्रत्येक नोझल किंचित वेगळं फवारतो आणि त्या ओळीत त्याचा हिशेब असतो.

माझ्या व्हॅनचं फिल्टरचं भांडं उघडलं तेव्हा झाकणाखालची ओ-रिंग, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारी रबरी कडी, हातात आली. एका जागी ती चपटी होऊन करवतल्यासारखी कातरली होती. आधीच्या वेळी फिल्टर बदलताना ती कोरडीच बसवली असणार. झाकण आवळताना पीळ पडला आणि ती कडेत चिमटली. नवी रिंग डिझेलमध्ये बुडवून खाचेत बसवली, वरून बोट फिरवून कुठे उचललेली नाही ना ते पाहिलं आणि झाकण आवळलं. हँड प्रायमर, म्हणजे लाईन भरायचा हातपंप, दाबत राहिलो. पारदर्शक नळीतून आधी फेस गेला, मग तुटक बुडबुडे, मग नळी रिकामी वाटावी इतकं एकसंध डिझेल. प्रायमर हाताला दगडासारखा कडक लागला तेव्हा थांबलो.

गाडी मुद्दाम तशीच उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवायच्या आधी बॉनेट उघडून नळी पाहिली. भरलेली होती.