पित्ताच्या दोन गोळ्या: एक जठराची, एक पित्ताशयाची

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली की घरी येताना औषधांच्या पिशवीत बहुधा दोन गोळ्या अशा असतात, ज्यांना घरात 'पित्ताची गोळी' हे एकच नाव पडतं. एक पँटोप्राझोल किंवा तिच्या जातीतली. दुसरी उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड, थोडक्यात उर्सो. महिना-दीड महिन्यानं छातीतली जळजळ थांबते, 'आता काही पित्त नाही' असं वाटतं आणि गोळ्या कमी करायच्या म्हणून उर्सोही बंद केली जाते. पित्ताशयात खडे धरण्याचा काळ तर तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो.

घोळ भाषेतच आहे. आपल्याकडे आंबट ढेकर म्हणजे पित्त, सकाळची मळमळ म्हणजे पित्त, अंगावर उठणारी गांधीसुद्धा पित्तच. जळजळ करतं ते जठरातलं आम्ल. खरा पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि पोटात स्निग्ध पदार्थ आले की पित्ताशय आकसून तो लहान आतड्यात सोडतं. तो कडू असतो, आंबट नव्हे. त्यामुळे 'मला पित्ताचा त्रास नाही' हे वाक्य पित्ताशयाबद्दल काहीच सांगत नाही.

खडे का होतात? वजन झपाट्यानं उतरतं, विशेषतः आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त, तेव्हा चरबीत साठलेलं कोलेस्टेरॉल सुटून यकृतामार्फत पित्तरसात येतं. रसात विरघळू शकेल त्याहून ते जास्त झालं की त्याचे स्फटिक बनतात. त्यातच खाणं अगदी थोडं आणि जवळजवळ तेलविरहित, म्हणून पित्ताशयाला आकसायचा इशाराच मिळत नाही. रस साचून राहतो आणि स्फटिकांना खडा व्हायला सवड मिळते. म्हणूनच आहारतज्ज्ञ परवानगी देतील तेव्हापासून दिवसातल्या एका जेवणात साधारण १० ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे सुमारे दोन चहाचे चमचे तेल, असू द्यावा. 'वजन उतरवायचंय, मग तेल शून्य' हा हिशेब इथे उलटतो.

आता गोळ्या. पँटोप्राझोल आम्ल तयार होणं कमी करते. बायपास म्हणजे जठराचा छोटा भाग वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया. जठर आणि आतड्याच्या त्या नव्या जोडावर व्रण होऊ नये म्हणून बायपासनंतर ती साधारण निदान तीन महिने देतात. उर्सो आम्लाला हातही लावत नाही. ती पित्तरसातलं कोलेस्टेरॉल कमी करते आणि उरलेलं विरघळलेलं ठेवते. नावात 'ॲसिड' आहे म्हणून ॲसिडिटी वाढेल या भीतीनंही ती सोडली जाते. ते ॲसिड म्हणजे अस्वलाच्या पित्तात भरपूर सापडणारं एक पित्ताम्ल. लॅटिनमध्ये अस्वलाला 'उर्सस' म्हणतात, नाव तिथून आलं. जठरातल्या आम्लाशी त्याचा संबंध नाही.

प्रचलित मात्रा बायपासनंतर ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, स्लीव्हनंतर, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून अरुंद नळीएवढं जठर ठेवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर, ५०० मिलिग्रॅम एकदा. तुमच्या चिठ्ठीवर वेगळी असेल तर चिठ्ठी खरी. मुदत सहसा सहा महिने. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बायपासनंतर सहा महिन्यांत खडे झालेल्यांचं प्रमाण औषधाविना ३२ टक्के होतं, रोज ३०० मिलिग्रॅमवर १३ आणि ६०० वर २ टक्के. १२०० मिलिग्रॅमवर ते ६ टक्के निघालं, म्हणजे गोळ्या वाढवून फायदा वाढत नाही. पण दिसणारा खडा आणि दुखणारा खडा यांत फरक आहे. २०२१ मधल्या नेदरलँड्समधील चाचणीत दोन वर्षांत प्रत्यक्ष त्रास झालेले औषधाविना ९.७ टक्के होते, औषध घेणाऱ्यांत ६.५ टक्के. फायदा खरा आहे, पण ही हमी नव्हे. आधीच तयार झालेला खडा या मात्रेनं विरघळेल अशी आशा धरू नये, आणि पित्ताशय पूर्वीच काढलेलं असेल तर खडे टाळण्यासाठी उर्सोची गरजच नसते.

पँटोप्राझोल न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी. उर्सो जेवणासोबत. पातळ आहाराच्या दिवसांत गोळी मोठी वाटते. पँटोप्राझोलच्या गोळीवर आम्लापासून जपणारं आवरण असतं, ती कुटायची नाही. उर्सोची साधी गोळी बहुतेक वेळा अर्धी करता येते, पण हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारातली असेल तर नाही. औषधवाल्याला विचारूनच तोडा. जुलाब होऊ लागले तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना कळवा. सर्वांत नकळत होणारी चूक मात्र गुलाबी-पांढऱ्या पातळ अँटासिडची. त्यात ॲल्युमिनियम असेल तर ते आतड्यात उर्सोला धरून ठेवतं आणि गोळी गिळूनही पोटात वाया जाते. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं.

दुखणंही असंच गोंधळात टाकतं. आम्लाची जळजळ छातीच्या हाडामागे होते, आडवं पडलं की वाढते, अँटासिडनं काही वेळ शमते. पित्ताशयाची कळ बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या मधोमध वर उठते, चढत जाऊन अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते. बहुधा जेवणानंतर किंवा रात्री येते. कूस बदलून किंवा अँटासिड पिऊन ती हलत नाही. जोडावरचा व्रण मधोमध कुरतडल्यासारखा दुखतो. त्यात शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर रक्त जातंय असं धरून लगेच रुग्णालय गाठा.

तपासणीही वेगळी. खडे सोनोग्राफीत दिसतात, त्यासाठी सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं. व्रण एंडोस्कोपीत दिसतो. एकीचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे दुसरा आजार नाही, असं ठरत नाही.

कळ कुठलीही असो, बायपास झालेल्यानं डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये. खड्याच्या कळेवर एरवी हीच औषधं चालतात, पण बायपासनंतर त्यांनीच जोडावर व्रण पडू शकतो.

कळ पाच-सहा तासांत ओसरली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी पिवळीजर्द झाली तर थांबायचं नाही. खडा पित्तनलिकेत अडकलेला असू शकतो, स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. बायपासनंतर पोटातल्या नव्या फटीत आतडं अडकल्यावरही जवळपास अशीच कळ येते आणि तिच्यासाठी सीटी स्कॅन लागतो. म्हणून आपत्कालीन विभागात पहिलं वाक्य हे असावं: शस्त्रक्रिया बायपासची होती की स्लीव्हची. स्लीव्हनंतर तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा नेहमीसारखा काढता येतो. नेहमीच्या बायपासनंतर त्या नलिकेच्या मुखापर्यंत साधी दुर्बीण सहसा पोहोचत नाही. मग बाजूला ठेवलेल्या जठराला लॅप्रोस्कोपीनं छिद्र करून तिथून वाट काढावी लागते, आणि ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते.