बाग करण्याआधी गिरणीची माती तपासा

बंद गिरणीच्या जागेवर बाग करायचं ठरलं की एक सल्ला हमखास मिळतो: झाडं लावा, जमीन आपोआप शुद्ध होते. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या सिएटलचं, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर झालेलं गॅस वर्क्स पार्क (१९७५) पुढे केलं जातं. तिथं तेलकट मातीत सांडपाण्याचा गाळ मिसळून जिवाणूंकडून तेल पचवून घेतलं, हे खरं. पण तेल कुजतं, धातू कुजत नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या कापडगिरणीत आधी रंगखात्याची जागा बघावी. सल्फर आणि व्हॅट रंग पक्के करायला पूर्वी पोटॅशियम डायक्रोमेट वापरत. त्यातलं षट्‌संयुजी (सहा संयुजेचं, विषारी) क्रोमियम क्रोमेट या ऋणभारित आयनाच्या रूपात फिरतं. आपल्या काळ्या मातीच्या कणांवरही ऋणभारच. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे धनभारित शिसं घट्ट धरून ठेवणारी ही माती क्रोमेटला थारा देत नाही. त्यात सामू (पीएच) आठाच्या आसपास, म्हणजे ते पाण्यात सुटंच राहतं. उन्हाळ्यात पडलेल्या खोल भेगांतून मृगाच्या सरींबरोबर ते सरळ बोअरच्या दिशेनं निघतं.

यावर स्वस्त औषध हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लोहाचे तीन आयन मिळून क्रोमियमला तीन इलेक्ट्रॉन देतात, ते त्रिसंयुजी होतं आणि हायड्रॉक्साइड बनून जागीच बसतं. १ ग्रॅम क्रोमियमला १६ ग्रॅम हिराकस. एक चौरस मीटर जागेची १५ सेंमी माती सुमारे २०० किलो. किलोमागे २० मिलिग्रॅम धरले तर क्रोमियम ४ ग्रॅम, हिराकस ६४ ग्रॅम. हा झाला कागदावरचा हिशेब. चुनखडीच्या मातीत बरंचसं लोह हवेनंच गंजतं, म्हणून प्रत्यक्षात कित्येक पट लागतो. खडा हिरवट हवा. पिवळट-तपकिरी भुकटी झालेला माल घेऊ नये. पाण्यात विरघळवून वाफशावर टाकावा, लगेच रोटाव्हेटर फिरवावा. कोरड्यात अभिक्रिया होत नाही, चिखलात ढेकळं होतात आणि ढेकळाच्या पोटातलं क्रोमियम तसंच राहतं.

भूमिपूजनाला गोमूत्र शिंपडून यातलं काही होत नाही. ‘विषशोषक’ झाडांची जाहिरातही त्याच माळेतली: त्याला वर्षानुवर्षं लागतात, वर तो पालापाचोळा खतात घालता येत नाही.

खोच पुढेच आहे. मातीतलं मँगनीज ऑक्साइड बसलेल्या क्रोमियमला पुन्हा षट्‌संयुजी करू शकतं, म्हणून षट्‌संयुजी क्रोमियम ओळखणारी डायफिनाइल कार्बाझाइड या रसायनाची चाचणी पावसाळ्यानंतर परत करावी. जांभळा रंग आला की काम बाकी. प्रयोगशाळेला अर्क अल्कधर्मी द्रावणात काढायला बजावावं. आम्लात काढला तर मातीतलं सेंद्रिय द्रव्य तिथल्या तिथे क्रोमियमचं क्षपण करतं, म्हणजे त्याला त्रिसंयुजी करून टाकतं, आणि अहवालात खोटं शून्य येतं.