हुकूमनाम्याचा आकडा आणि दरखास्तीतली बाकी

पगारातून कोर्टाची कपात चालू असलेला माणूस माझ्या टेबलाशी आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, मी एवढं देणं लागतच नाही." अंधेरीतल्या एका कंपनीत मी पगारपत्रकं करते. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी उलट विचारते, "लागत नव्हतात, की आता उरलेलं नाही?" समोरचा गोंधळतो. खरा घोळ इथेच आहे.

हुकूमनाम्याचा, म्हणजे कोर्टाने निकालात ठरवलेल्या देण्याचा, आकडाच मान्य नसणं हे एक भांडण. आकडा झाला तो झाला, पण फिटलं किती आणि उरलं किती, हे दुसरं. 

पहिलं बहुतेकांना माहीत असतं. अपील करायचं, उच्च न्यायालयात करायचं असेल तर मुदत ९० दिवस, खालच्या कोर्टात ३०. निकाल एकतर्फी लागला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज. हुकूमनाम्यात निव्वळ बेरजेची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली ती केव्हाही दुरुस्त करून मिळते. नुसतं अपील दाखल केल्याने माझ्याकडची कपात थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. यावर याहून जास्त शाई घालवत नाही.

दुसरं भांडण त्याच संहितेच्या कलम ४७ चं. वसुलीची दरखास्त (हुकूमनाम्याप्रमाणे पैसे वसूल करून द्या असा अर्ज) ज्या कोर्टात चालू आहे तेच कोर्ट बाकी ठरवतं, त्यासाठी वेगळा दावा लावता येत नाही. पण हे कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जात नाही. व्याज जास्त लावलं, साक्षीदार खोटा होता, सही माझी नव्हती, हे तिथे बोलून उपयोग नाही. लोक नेमकं तेच बोलतात आणि बाहेर येऊन म्हणतात, साहेबांनी ऐकूनच घेतलं नाही.

मग आपलं भांडण कुठलं हे ओळखायचं कसं? तारीख बघा. ज्या गोष्टीवर तुमचा भरवसा आहे ती हुकूमनाम्याच्या आधी घडली की नंतर? आधीची असेल तर ती दाव्यातच सांगायला हवी होती. आता ती अपिलाची बाब. नंतरची असेल तरच ती 'किती उरलं' या वादात येते.

आमच्याकडचे एक जण दोन पावत्या एकाच टाचणीत लावून घेऊन आले होते. एकाच पावतीपुस्तकातल्या, एकाच हाताच्या सह्या. पहिली ५०,००० ची, दावा चालू असतानाची. दुसरी २०,००० ची, निकालानंतर चार महिन्यांनी हातात दिलेल्या पैशांची. अर्जात सगळा जोर ५०,००० वर, कारण आकडा मोठा. कोर्टाने ती पावती बाजूला ठेवली. तारीखच आधीची. राहिली दुसरी, आणि तिच्यातली मेख अशी की पैसे कोर्टाबाहेर दिलेले. आदेश २१ च्या नियम २ प्रमाणे अशा भरण्याची कोर्टात नोंद व्हावी लागते. ज्याला पैसे मिळाले त्याने ती करायची. त्याने नाही केली तर देणाऱ्याने अर्ज करायचा, आणि तोही ३० दिवसांत. नोंद नसलेला भरणा दरखास्तीच्या कोर्टाच्या लेखी झालेलाच नाही. पावती खरी असली तरी.

यांचे ३० दिवस केव्हाच उलटले होते. नशीब, समोरचा माणूस सरळ निघाला. त्याने २०,००० मिळाल्याची पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दिली आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ते आलं. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

म्हणून, "त्यांनी सोडून दिलंय, कपात बंद करा" म्हणत मला व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज दाखवू नका, चीड येते. पगाराच्या जप्तीचा, म्हणजे कपातीचा, हुकूम कंपनीवर बंधनकारक असतो. तो मोडून मी पगार पूर्ण सोडला तर ती रक्कम कंपनीच्या गळ्यात पडते. मला कोर्टाचा कागद लागतो.

दुसरी चीड पगाराच्या स्लिपा जोडून केलेल्या बेरजेची. समजा मुद्दल ४,००,००० आहे आणि निकालापासून सालीना ६ टक्के व्याज. जप्तीसाठी धरायचा पगार ४०,०००. कलम ६० प्रमाणे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे, म्हणजे महिन्याला १३,००० कापले जातात. (पोटगीचा हुकूम असेल तर फक्त एक तृतीयांश पगार सुटतो.) २४ महिन्यांत ३,१२,००० गेले, तेव्हा माणूस म्हणतो ८८,००० उरले. पण हुकूमनाम्यात वेगळं काही लिहिलं नसेल तर आलेले पैसे आधी व्याजात, मग खर्चात आणि शेवटी मुद्दलात वळते करता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये हे स्पष्ट केलंय. पहिल्या महिन्याच्या १३,००० पैकी २,००० व्याजातच जातात. असं धरत गेलं तर दोन वर्षांनी उरतात जवळपास १,२०,०००, आणि तेही कोर्टखर्च न धरता. तेव्हा बाकीवर हरकत घ्यायची असेल तर स्लिपांची बेरीज नेऊ नका. कोर्टात कुठल्या तारखेला किती जमा झालं त्याचा उतारा काढा, हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल काढा, आणि महिनावार तक्ता करून समोरच्याच्या हिशेबाशेजारी ठेवा. फरक कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

पतपेढीची कपात यात मिसळू नका. ती सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली, तुम्हीच लिहून दिलेल्या करारावर होते. तिथे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा लागतच नाही. किती उरलं हा वादही पतपेढीशीच. आणि सरसकट सगळ्याला "गार्निशी" (देणेकऱ्याचं येणं ज्याच्याकडे आहे तो तिसरा माणूस) म्हणणं सोडा, तो नियम वेगळा आहे.

एक मात्र गंमत. एकाच हुकूमनाम्यापोटी पगाराची जप्ती एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा सुटतो. पंचविसाव्या महिन्याची स्लिप पूर्ण पगाराची निघते आणि माझ्या टेबलावर पेढे येतात. पेढा मी खाते. खाता खाता विचारते, "१,२०,००० चं काय?" कारण सुटला तो पगार, देणं नाही. हुकूमनामा बजावायला १२ वर्षांची मुदत असते. पगारातून वसुली संपली की दरखास्त घरातल्या फ्रिजकडे वळते.